अल्झायमर, मेंदूतला दाह आणि नवी औषधं: गणपती झाले की येणारे प्रश्न

कोकणात विसरभोळेपणाची दखल बहुधा गणपतीतच घेतली जाते. वर्षभर फोनवर "मी बरी आहे" म्हणणारी आई आरतीची चाल विसरते, उकडीला पाणी किती हे दोनदा विचारते, आणि मुंबईहून आलेल्या लेकाच्या पोटात गोळा येतो. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. "मेंदूची सूज कमी करणारं प्रथिन सापडलं" अशी बातमी हाती लागते आणि ती माझ्याकडे पाठवली जाते. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. प्रथिनांबद्दल बोलेन, पण गोळी सुरू करायची की बंद हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मेंदूला सूज म्हणजे अपघातात डोक्याला मार लागल्यावर येते तीच का?

नाही. ती सूज पाण्याची असते, तासा-दिवसांत वाढते, सीटी स्कॅनवर दिसते आणि तिच्यासाठी रुग्णाला तातडीने हलवावं लागतं. अल्झायमरमधला दाह पेशींच्या पातळीवरचा असतो आणि वर्षानुवर्षं चालतो. नेहमीच्या स्कॅनवर तो दिसत नाही.

हा दाह प्रामुख्याने मायक्रोग्लिया नावाच्या पेशी घडवतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना हे नाव दिलं. या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. मेलेल्या पेशींचे अवशेष, जंतू, साचलेलं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये चेतापेशींबाहेर गोळा होणारं चिकट प्रथिन) हे सगळं गिळून जागा साफ ठेवणं त्यांचं काम. त्यासाठी त्या काही दाहक रसायनं सोडतात आणि काम झालं की शांत होतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइडचे साठे हटतच नाहीत, त्यामुळे या पेशी शांत होत नाहीत आणि तीच रसायनं शेजारच्या धडधाकट चेतापेशींना इजा करू लागतात.

आपल्याकडे पावसाआधी भाजावळ करतात तसं हे आहे. कवळ, पातेरा, शेण पसरून तरव्याची जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. आग तीच, पण वारा फिरला आणि बांध ओलांडून गेली की शेजारच्याची काजूची बाग जाते. म्हणून "दाह बंद करा" एवढं म्हणून भागत नाही. भाजावळच केली नाही तर तण माजतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या वाटेची बरीच औषधं पडली, त्याचं एक मोठं कारण मला हेच दिसतं.

मग दाहामुळे अल्झायमर होतो, की अल्झायमरमुळे दाह?

दोन्ही. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत आउगुस्टे डेटर या रुग्णाच्या मेंदूचं वर्णन केलं. अमायलॉइडचे साठे आणि चेतापेशींच्या आतले टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते तर त्यांनी पाहिलेच, पण चेतापेशींच्या आजूबाजूच्या ग्लिया पेशींतला बदलही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. पुढे बरीच दशकं हा बदल म्हणजे आजाराचा मागाहूनचा परिणाम, असंच धरलं गेलं.

जनुकांच्या अभ्यासाने ही समजूत हलवली. हजारो रुग्णांची आणि निरोगी माणसांची जनुकं ताडून पाहिल्यावर धोका वाढवणारी जी नावं वर आली, त्यांत रोगप्रतिकारक यंत्रणेतली बरीच निघाली: २००९ मध्ये सीआर-१, २०११ मध्ये सीडी-३३, आणि २०१२ च्या अखेरीस ट्रेम-२. जन्मापासून अंगात असलेला जनुकातला फरक काही आजाराने घडवलेला नसतो. त्यामुळे मायक्रोग्लियाचं वागणं आजाराच्या मुळाशीही आहे, हे मान्य करावं लागलं.

बातमीत "प्रोटीन टार्गेट" आहे. आईला प्रोटीन पावडर सुरू करू का?

बातमीचा आणि पावडरीचा काही संबंध नाही. पेशीतली बहुतेक कामं प्रथिनं करतात. एखादं प्रथिन जास्त किंवा चुकीचं काम करत असेल तर औषधाचा रेणू त्यावर नेमका बसवून त्याचं काम कमी-जास्त करायचं. ज्या प्रथिनावर औषध बसवायचं, ते टार्गेट. आईचं जेवण कमी झालं असेल तर त्याचा विचार वेगळा करा. अंडं, डाळ, मासे आधी आणि पावडर शेवटी.

ट्रेम-२ हे नाव सारखं येतं. ते काय करतं?

हे प्रथिन मायक्रोग्लियाच्या बाहेरच्या पडद्यावर असतं. अमायलॉइड, चरबीचे रेणू, मेलेल्या पेशींचे तुकडे त्याला लागले की पेशीला कामाला लागण्याचा संदेश जातो. मग मायक्रोग्लिया साठ्याभोवती गोळा होतात, त्याला घट्ट वेढतात आणि शेजारच्या चेतापेशींना त्याची झळ कमी लागते.

ट्रेम-२ च्या एका बदललेल्या रूपात ४७ व्या जागी आर्जिनीनऐवजी हिस्टिडीन असतं. एवढ्या एका अमिनो आम्लाने अल्झायमरचा धोका दोन ते चार पट होतो. आणि ज्यांच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात त्यांना नासू-हाकोला नावाचा अतिशय दुर्मीळ आजार होतो: ऐन तारुण्यात हाडांत पोकळ्या होऊन ती मोडतात, आणि चाळिशीच्या आसपास स्मृतिभ्रंश. जपान आणि फिनलंडमध्ये त्याची नोंद प्रथम झाली. साफसफाई करणारी पेशी कामाला लागलीच नाही तर काय होतं, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. मी वर्गात दाहाचा धडा याच आजारापासून सुरू करते, कारण दाह म्हणजे नुसतं वाईट, हा समज मुलांच्या डोक्यातून त्याने लगेच जातो.

म्हणून ट्रेम-२ च्या बाबतीत औषधाचं काम उलटं आहे. त्याला दाबायचं नाही, चेतवायचं. असं एक प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमकं चिकटणारं प्रथिन), एएल-००२, सुरुवातीच्या टप्प्यातल्या सुमारे ३८० रुग्णांवर तपासलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला. औषधाने ट्रेम-२ ला गाठलं होतं, पण आजार मंदावला नाही. या प्रथिनावरचं काम थांबलेलं नाही. लहान रेणूंची औषधं तपासली जात आहेत, आणि हे चेतवणं आजाराच्या कोणत्या टप्प्यावर करायचं यावर वाद चालू आहे. माझ्या मते कळीचा मुद्दा हा टप्प्याचाच आहे.

"आवशीक (आईला) कालचा आठवणा नाय, पण चाळीस वर्षांपूर्वीचा सगळा आठवता." ह्या दाहामुळेच काय?

काही अंशी. नवी आठवण टिपून ठेवण्याचं काम हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग करतो आणि अल्झायमर बहुधा त्या भागात लवकर शिरतो. जुन्या आठवणी मेंदूभर पसरून पक्क्या झालेल्या असतात, त्या जास्त काळ तग धरतात. म्हणून माहेरच्या विहिरीचे पायरहाट आठवतात आणि सकाळची पेज घेतली की नाही ते आठवत नाही.

दाहाचा संबंध सी-१-क्यू आणि सी-३ या कॉम्प्लिमेंट प्रथिनांतून येतो. ही मुळात जंतूंवर खूण करणारी प्रथिनं. बाळाच्या वाढत्या मेंदूत ती चेतापेशींमधल्या नको असलेल्या जोडण्यांवरही बसतात आणि मायक्रोग्लिया त्या जोडण्या गिळतात. हे सगळ्यांच्याच मेंदूत होतं आणि व्हायलाच हवं. २०१६ मध्ये बेथ स्टीव्हन्स यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की अल्झायमरमध्ये हीच छाटणी भलत्या वयात पुन्हा सुरू होते, तीही अमायलॉइडचे साठे दिसण्याआधी. सी-१-क्यू अडवल्यावर उंदरांच्या जोडण्या वाचल्या. माणसांत कॉम्प्लिमेंट सरसकट दाबलं तर जंतुसंसर्गाला दार उघडं होतं, त्यामुळे इथे हात फार जपून टाकावा लागतो.

एनएलआरपी-३ बद्दल इतकी आशा का?

कारण इथे नुकसान करणारा भाग बराचसा वेगळा काढता येईल असं वाटतं. मायक्रोग्लियाच्या आत एनएलआरपी-३ धोक्याची चाहूल लागली की इतर प्रथिनांना जोडून एक मोठा संच तयार करतं, त्याला इन्फ्लमासोम म्हणतात. तो संच कॅस्पेस-१ या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, एन्झाइमला) जागं करतो आणि ते विकर इंटरल्युकिन-१-बीटा व इंटरल्युकिन-१८ ही जहाल दाहक प्रथिनं मोकळी करतं.

जर्मनीत बॉनच्या मिखाएल हेनेका यांच्या गटाने २०१३ मध्ये अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांतून हे जनुक काढून टाकलं. त्या उंदरांची स्मरणशक्ती टिकली आणि अमायलॉइडही कमी साचलं. पुढे २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की या संचातलं एएससी नावाचं प्रथिन ठिपक्यांच्या रूपात पेशीबाहेर पडतं आणि त्याभोवती नवं अमायलॉइड गोळा होतं. टाऊच्या गुंत्यांशीही या संचाचा संबंध २०१९ मध्ये जोडला गेला. म्हणजे अमायलॉइडमुळे दाह, दाहामुळे आणखी अमायलॉइड, आणि मग टाऊ. हे चक्र एका ठिकाणी तोडता आलं तर खूप काही साधेल.

अडचण माणसांतली आहे. या प्रथिनाला अडवणारं सुरुवातीचं एक गाजलेलं रसायन संधिवातासाठी तपासताना यकृतावर ताण दिसल्याने मागे पडलं. आता मेंदूत नीट पोचणारे नवे रेणू तपासले जात आहेत. गाउटवर दिलं जाणारं कोल्चिसिन या यंत्रणेवर आडून परिणाम करतं, हे वाचून एका गृहस्थांनी वडिलांच्या जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करायचं ठरवलं होतं. करू नका. कोल्चिसिनचा सुरक्षित डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं आहे, आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडाला तेही पुरत नाही.

मग साधी सूज उतरवणारी गोळी का नको? गुडघ्यासाठी घेतातच ना.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो मुळीच भाबडा नाही. संधिवाताच्या रुग्णांत अल्झायमर कमी आढळतो, हे १९९० च्या सुमारास लक्षात आलं. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात वेदनाशामक दाहविरोधी गोळ्या दोन वर्षांहून जास्त घेणाऱ्यांत धोका बराच कमी दिसला. मग खरी चाचणी झाली. अडीच हजारांहून जास्त निरोगी वृद्ध, घरात कुणाला तरी स्मृतिभ्रंश झालेला, आणि त्यांना नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब किंवा साखरेची गोळी. हृदयाच्या धोक्याच्या शंकेमुळे डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि स्मृतिभ्रंश टळल्याचं काही दिसलं नाही. आधीच अल्झायमर असलेल्यांत नॅप्रोक्सेनचा वर्षभराचा प्रयोगही निष्फळ ठरला होता.

या गोळ्या कॉक्स नावाच्या विकराला अडवतात. मायक्रोग्लियाच्या कारभारात ते अनेकांतलं एक आहे, आणि औषध मेंदूत पोचतंही थोडंच. उलट पोटात रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा, वाढलेलं बीपी हे सगळं म्हातारपणी पटकन होतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅक मेंदूसाठी म्हणून देणं हा निव्वळ तोटा आहे. मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाचंही असंच झालं. ते मायक्रोग्लियाला शांत करतं म्हणून ब्रिटनमध्ये ५४४ रुग्णांना दोन वर्षं तपासलं, फरक शून्य.

संधिवाताची टीएनएफविरोधी इंजेक्शनं?

टीएनएफ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन. एटानरसेप्टची छोटी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध सोसलं, पण ठोस फायदा नाही. रेणू मोठा असल्याने मेंदूत शिरत नाही, हा त्यातला एक भाग. शिवाय टीएनएफ दाबलं की दबलेला क्षय उफाळतो, आणि आपल्याकडे तो घरोघर दबलेला असतो.

वजन कमी करायच्या इंजेक्शनाने अल्झायमर थांबतो असं ऐकलं.

सेमाग्लुटाइड. मधुमेहींच्या नोंदींतून आशा निर्माण झाली होती आणि दाह कमी करणं हे त्यामागचं एक गृहीतक होतं. सुमारे ३,८०० रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. काही जैविक खुणा सुधारल्या, माणसाची घसरण मंदावली नाही.

लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही दाहाचीच औषधं का?

नाही, ती अमायलॉइडवर बसणारी प्रतिपिंडं आहेत. पण बसल्यावर साठा उचलायला बोलावलं जातं ते मायक्रोग्लियालाच, म्हणून दाह इथेही आहे. मेंदूत पाणी धरणं किंवा बारीक रक्तस्राव हा त्यांचा मुख्य धोका, आणि एपीओई-४ या अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांत तो जास्त. लेकॅनेमॅबने दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्के मंदावली. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी आहे. आजार अगदी सुरुवातीचा हवा, तपासणीत अमायलॉइड सिद्ध व्हायला हवं, पहिल्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय हवा. आंबोलीच्या पायथ्याच्या वाडीतून दर पंधरा दिवसांनी सलाइनसाठी शहर गाठणं काय असतं, हे घरच्यांनी आधी शांतपणे बसून मोजावं.

हळद, कोकम, मासे?

स्वयंपाकात हवेतच. औषध म्हणून बोलायचं तर हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाहाचे अनेक मार्ग अडवतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं जातं. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. माशातल्या डीएचए या मेदाम्लाच्या कॅप्सूल ४०२ रुग्णांना दीड वर्ष दिल्या, तिथेही घसरण तशीच. कोकमावर अशी माणसांतली चाचणी मला ठाऊक नाही, सोलकढी मात्र जेवण उतरायला चांगली. महागड्या "ब्रेन टॉनिक"च्या बाटलीपेक्षा आठवड्यातून दोनदा बांगडा केव्हाही बरा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. आजार पुढे गेला की गिळणं बिघडतं. पेडव्यांचे बारीक काटे धोक्याचे. बांगड्याचा मधला काटा काढून, पोटाकडचे काटे बोटाने चाचपून, मांस मऊ भातात कालवून द्या. आणि टेकून लोळलेलं असताना नाही, ताठ बसवूनच भरवा.

चार दिवसांपूर्वी ठीक होते, आता घरच्यांनाही ओळखत नाहीत. दाह एकदम वाढला का?

हा अल्झायमरचा नेहमीचा वेग नाही. त्याची घसरण महिन्यांत आणि वर्षांत मोजतात. दोन-चार दिवसांत माणूस बदलला, म्हणजे भलत्याच वेळी झोपतो, रात्री पांघरुणाचे धागे वेचतो, कोपऱ्यात माणसं दिसतात म्हणतो, तर ते बहुतेक डिलिरिअम, म्हणजे अचानक आलेली भ्रमाची अवस्था, असतं. त्याचं कारण शोधलं तर ते अनेकदा उतरतं.

कारणं साधी असतात. लघवीचा संसर्ग (म्हातारपणी ताप न येताही), न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, बीपीच्या गोळीने सोडियम उतरणं, आठवडाभराचा बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, पडून डोक्याला लागणं, सर्दीची किंवा झोपेची नवी गोळी. पावसात आपल्याकडे डेंग्यू आणि लेप्टो यांचीही भर. शेतात, चिखलात पाय बुडवले असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, विचारायची वाट बघू नका.

आणि हो, यात दाह आहेच. शरीरात संसर्ग झाला की इंटरल्युकिन आणि टीएनएफ रक्तातून मेंदूपर्यंत खबर पोचवतात. तिथल्या मायक्रोग्लिया आधीच तापलेल्या असतात, त्या थोड्या खबरीनेही भडकतात. उंदरांत आणि रुग्णांत दोन्हीकडे हे दिसलं आहे. मेंदूतला दाह कमी करायचा घरच्यांच्या हातातला खात्रीचा उपाय विचाराल तर मी हेच सांगेन: संसर्ग लवकर पकडा. लघवीचा रंग, दिवसात प्यालेलं पाणी, शेवटची शौच, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रक्तातून दाह मोजता येतो का?

ॲस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींतलं जीएफएपी हे प्रथिन रक्तात वाढलेलं दिसतं, पण सध्या ते मुख्यतः संशोधनापुरतं आहे. पी-टाऊ-२१७ या टाऊच्या एका रूपावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली, ती अमायलॉइडचा अंदाज देते, दाहाचा नाही. तक्रार नसलेल्या माणसाने कुतूहलापोटी करू नये.

आजीला होता, आईला आहे. मला होणार का?

बहुतेक घरांत हा आजार थेट वारशाने उतरत नाही, धोका थोडा वाढतो इतकंच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येणाऱ्या १४ गोष्टी मांडल्या. त्या सगळ्या आवरल्या तर जगभरातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. त्यांतल्या काही: बीपी, मधुमेह, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), धूम्रपान, ऐकू कमी येणं, मोतीबिंदूसारख्या कारणाने अधू झालेली नजर. कानाच्या यंत्राची लाज सोडा.

नागिणीच्या लशीबद्दलही विचारतात. वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच लस मिळाली, एक दिवस आधी जन्मलेल्यांना नाही. त्या दोन गटांची तुलना २०२५ मध्ये छापून आली: लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी. नागीण टाळायला ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी, मेंदूचा फायदा झालाच तर तो वरचा.

नव्या औषधाच्या चाचणीत आईला घालता येईल?

भारतातली प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी चाचणी-नोंदवहीच्या संकेतस्थळावर नोंदलेली असावी लागते, नाव तिथे शोधा. चाचणीचं औषध फुकट असतं आणि त्याने इजा झाली तर उपचार व भरपाई देणं बंधनकारक आहे. कुणी पैसे मागितले तर ती चाचणी नव्हे.

जवळ कुठे दाखवायचं?

आधी बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर आणि एक सीटी. ही तपासणी जिल्हा पातळीवर होते. ओरोस, रत्नागिरी आणि अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७.

नवं औषध येईपर्यंत चालू गोळ्या बंद ठेवू का?

नको. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिनची पट्टी, मेमँटिन ही दाहावरची औषधं नाहीत, आजार थांबवतही नाहीत, पण काहींना अंघोळ-जेवण स्वतः करण्यापुरती मदत होते. डोनेपेझिल अचानक तोडलं तर काही रुग्ण झपाट्याने खाली येतात. नाडी फार मंद झाली, चक्कर येऊन पडले किंवा जेवणावरची वासनाच गेली तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. जाताना गोळ्यांच्या चिठ्ठ्या नकोत, घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून न्या, देवाजवळच्या डब्यातल्यासुद्धा.